खिशातला स्वस्त टॉर्च रात्रभर कसा पुरवायचा?

बांधावरून

नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यात आमची शेती आहे. शेतीपंपांना वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बाबा आणि काका आळीपाळीने उसाला, कांद्याला दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला जातात. आठवडी बाजारातला छोटा टॉर्च खिशात असतो. संध्याकाळी सेल नवे घातले तरी मध्यरात्रीपर्यंत उजेड पिवळट मंद होतो आणि पहाटे तीनला पायापुरतंही दिसत नाही. पाकिटावर मात्र "१२ तास" छापलेलं आहे.

मोबाईलचा टॉर्च सुचवू नका. हात चिखलाचे असतात, आणि अडचण आली तर फोन करायला त्यात चार्जिंग हवं. मोठा खांद्यावरचा दिवाही नको, एका हातात खोरं असतं. खिशात मावणारा, चारशे-पाचशेच्या आतला, आणि सेल संपला तर गावात मिळेल असा हवाय.

एवढ्या पैशांत रात्रभर पुरणारा टॉर्च मिळतो का? सेलवरचा घ्यावा की चार्जिंगचा?

मिलिव्होल्ट

चांगला प्रश्न. आधी एक सांगा, आत्ता आहे त्यात सेल कोणते आणि किती? पुढे एकच मोठा एलईडी आहे की बारीक बारीक अनेक?

बांधावरून

पुढे बारीक नऊ एलईडी. आत प्लास्टिकच्या चकतीत तीन छोटे सेल, रिमोटला लागतात तसले. मागे दाबायचं बटण. दुकानदार देतो ते सेल साधे, अल्कलाइन असं काही लिहिलेलं नाही.

मिलिव्होल्ट

मग कोडं सुटलं. थोडं सविस्तर लिहितो, कारण एकदा हे समजलं की पुढच्या खरेदीला कोणाला विचारावं लागणार नाही.

सेलच्या अंगावर बारीक अक्षरात एक खूण असते. आर०३ असेल तर तो साधा झिंक-कार्बनचा छोटा सेल. एलआर०३ असेल तर अल्कलाइन. पेन्सिल सेलसाठी (छोट्याहून जाड, एए) हेच आर६ आणि एलआर६. रिचार्ज होणारा निकेलचा असेल तर एचआर. हे आंतरराष्ट्रीय संकेत आहेत. पाकिटावर 'हेवी ड्यूटी' किंवा 'सुपर' काहीही छापलेलं असलं तरी ही खूण बघून सेल कोणता ते कळतं.

आता हिशोब. छोट्या अल्कलाइन सेलमध्ये साधारण १००० मिलिअँपिअर-तास (सेलच्या क्षमतेचं माप) असतात, तेही सावकाश वापरला तर. झिंकच्या छोट्या सेलमध्ये ४०० च्या आसपास. वापराच्या काळात सेलचा सरासरी दाब १.२ व्होल्ट धरला, तर तीन अल्कलाइन मिळून साडेतीन वॉट-तासांच्या जवळ जातात आणि तीन झिंक दीड वॉट-तासालाही मुश्किलीने पोचतात. तुमच्या बाबांच्या हातात संध्याकाळी पडते ती शिदोरी एवढीच.

दुसरी गोष्ट टॉर्चच्या आतली. या नऊ एलईडीवाल्यांत एलईडीचा प्रवाह सांभाळणारं ड्रायव्हर नावाचं सर्किट बहुतेक वेळा नसतंच, तीन सेल थेट एलईडीला जोडलेले असतात. पांढऱ्या एलईडीला ३ ते ३.४ व्होल्ट लागतात. नवे तीन सेल ४.५ व्होल्ट देतात, म्हणून सुरुवातीला झगझगीत उजेड पडतो आणि प्रवाह १५० ते ३०० मिलिअँपिअरपर्यंत जातो. सेल उतरत जातो तसा दाब ३ व्होल्टकडे सरकतो आणि प्रवाह कोसळतो. शेवटी शेवटी काही मिलिअँपिअरवर एलईडी मिणमिणत राहतो, आणि तसा तो खूप वेळ राहू शकतो. पाकिटावरचे "१२ तास" या मिणमिणण्यासकट मोजलेले असतात.

झिंकच्या सेलची आणखी एक खोड आहे. त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतूनच होणारा अडथळा जास्त. जोरात प्रवाह ओढला की दाब लगेच बसतो, आणि लिहिलेल्या क्षमतेतला मोठा भाग वापरताच येत नाही. भिंतीवरच्या घड्याळात तो वर्षभर चालतो, कारण घड्याळाचा प्रवाह नगण्य असतो. टॉर्चसाठी तो सेल नाहीच.

रातराणी

सेलवरची खूण आजच कळली. घरातले सगळे सेल काढून बघितले. वाचनखूण साठवली आहे.

घाटवाटा

मिलिव्होल्ट यांच्या म्हणण्याला ट्रेकच्या बाजूने पुस्ती जोडतो.

चांगल्या कंपन्यांचे टॉर्चही "५० तास" लिहितात आणि ते खोटं नसतं, पण त्या आकड्यामागची व्याख्या बघावी लागते. अमेरिकेत २००९ साली टॉर्चसाठी एफएल १ नावाचं मानक आलं. त्यात सुरुवातीचा उजेड टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी मोजतात आणि तो १० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ 'रनटाइम' म्हणून लिहितात. म्हणजे २०० ल्युमेनचा (ल्युमेन हे उजेडाचं माप) टॉर्च २० ल्युमेनवर आला तरी घड्याळ चालूच. काही टॉर्च पहिल्या पाच-दहा मिनिटांत निम्म्यावर येतात आणि मग तासन् तास रेंगाळतात. निव्वळ तासांचा आकडा वाचून खरेदी करू नये, आलेख दिलेला असेल तर तो बघावा. बाजारातल्या बिननावाच्या मालाला हे मानकही लागू नसतं. तिथे छापणाऱ्याची मर्जी.

दुसरं, उजेड किती लागतो? कळसूबाईच्या शिड्या असोत की हरिश्चंद्रगडाची पाचनईची वाट, अंधारात पावलापुढचे दोन-तीन मीटर बघायला २०-३० ल्युमेन पुरतात. डोळे अंधाराला सरावले की त्याहून कमीतही चालता येतं. आपल्या डोळ्यांना उजेडाचा फरक सरळ प्रमाणात जाणवत नाही. १०० चे ५० ल्युमेन केले तर "जरा कमी झाला" एवढंच वाटतं, पण सेल दुपटीहून जास्त चालतो. म्हणून मी टॉर्च घेताना जास्तीत जास्त उजेड किती हे बघतच नाही, कमीत कमी किती हे बघतो. ज्याला 'लो' नाही तो टॉर्च माझ्या सॅकमध्ये येत नाही.

दुकानगल्ली

माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, काउंटरच्या आतली बाजू सांगतो. गिऱ्हाईक टॉर्च हातात घेतं आणि समोरच्या भिंतीवर मारून बघतं. जो जास्त झगझगतो तो विकला जातो. रात्री तीन वाजता काय होईल हे काउंटरवर कोणी विचारत नाही, त्यामुळे बनवणाराही त्याचा विचार करत नाही.

झिंकचा सेल खपतो कारण तो दहा-पंधरा रुपयांना मिळतो. अल्कलाइन दुप्पट-तिप्पट. पण टॉर्चमध्ये तो तीन-चार पट काम करतो, म्हणजे तासाच्या हिशोबाने तोच स्वस्त. मी गिऱ्हाइकाला हे सांगतो. निम्मे ऐकतात.

आणि सेल घेताना मागची तारीख बघा. झिंकचा सेल नुसता पडून दोन-तीन वर्षांत उतरतो. खेड्यातल्या दुकानात उन्हात लटकलेली पट्टी असेल तर ती नकोच. उष्णतेने सेल लवकर उतरतो.

वायरमन_नाही_मी

एवढी चर्चा कशाला? १८६५० या लिथियम सेलवाला चार्जिंगचा घ्या, विषय संपला. एका सेलमध्ये ९ वॉट-तास. तीन छोट्या अल्कलाइनच्या अडीच पट. आणि चार्जिंगचा खर्च नगण्य.

मिलिव्होल्ट

@वायरमन_नाही_मी, तुमचा आकडा बरोबर आहे, सेल खरा असेल तर. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. २६०० मिलिअँपिअर-तासांचा प्रामाणिक सेल ३.६ व्होल्टने साडेनऊच्या जवळ वॉट-तास देतो. चांगल्या कंपन्यांचे १८६५० सेल सहसा ३५००-३६०० पर्यंत असतात. आणि बाजारात ९९०० लिहिलेले सेल मिळतात! तेवढी क्षमता त्या आकारात बसतच नाही. असे सेल प्रत्यक्षात हजार-बाराशेचे निघतात. ओळखायचा सोपा उपाय म्हणजे सोनाराचा किंवा स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा. खरा सेल ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो. हलका लागला तर आत कमी माल आहे.

आता ल्युमेन आणि तास जोडून बघू. स्वस्त टॉर्चमध्ये ड्रायव्हरचं नुकसान धरून एका वॉटला ६० ल्युमेन मिळतात असं समजा. ४० ल्युमेनला पाऊण वॉटहून थोडं कमी लागेल. साडेनऊ वॉट-तासांत तो चौदा तास चालेल. तोच टॉर्च ४०० ल्युमेनवर लावला तर दीड तासही नाही. आणि "१००० ल्युमेन, १२ तास" असं लिहिलेलं दिसलं तर पाकीट तिथेच ठेवून द्या. एका वॉटला १०० ल्युमेन असा उदार हिशोब धरला तरी १२० वॉट-तास लागतात. म्हणजे तेरा सेल! खिशातल्या टॉर्चमध्ये कुठे बसवणार?

वायरमन_नाही_मी

म्हणजे चांगला सेल घेऊन कमी उजेडावर वापरला तर १८६५० च सरस ना? मग हरकत कशाला?

मिलिव्होल्ट

हरकत तीन कारणांनी, आणि तिन्ही या धाग्यातल्या माणसांशी निगडित आहेत.

एक, स्वस्त टॉर्चमध्ये आणि स्वस्त सेलमध्ये संरक्षण सर्किट नसतं. लिथियम सेल २.५ व्होल्टखाली उतरवला की त्याची हानी होते, आणि तसा खोलवर उतरलेला सेल पुन्हा चार्ज करणं धोक्याचं असतं. रात्री टॉर्च चालूच राहिला आणि सकाळी चार्जिंगला लावला, हे शेतघरात सहज घडू शकतं. संरक्षण सर्किट असेल तर सेल वाचतो, पण मग उजेड कसलीही पूर्वसूचना न देता एकदम जातो. उसाच्या फडात मधोमध उभं असताना.

दोन, जे खिशातले चार्जिंगचे टॉर्च दीडशे-दोनशेला मिळतात त्यांत १८६५० बहुधा नसतोच. आत ५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासची पातळ पाउच बॅटरी चिकटवलेली असते. दोन वॉट-तास सुद्धा नाहीत. ती उतरली की बदलता येत नाही, टॉर्चच फेकायचा.

तीन, रात्री दोनला सेल संपला तर गावात १८६५० मिळत नाही. पेन्सिल सेल कोणाच्याही घरी सापडतो.

म्हणून माझं मत: 'बांधावरून' यांच्या बाबांसाठी दोन पेन्सिल सेलवर चालणारा, एकच एलईडी असलेला, लो आणि हाय असे दोनच टप्पे असलेला टॉर्च. आत ड्रायव्हर असलेला. त्यात २००० मिलिअँपिअर-तासांचे निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्ज होणारे सेल. दोन सेलचे ४.८ वॉट-तास होतात. ४० ल्युमेनवर सात तास. २० ल्युमेनवर ठेवला तर रात्र उलटून सकाळ होते.

उंबरठा

रिचार्ज सेल १.२ व्होल्टचे असतात. १.५ च्या जागी घातले तर उजेड कमी नाही पडणार?

मिलिव्होल्ट

ड्रायव्हर असेल तर नाही, तो दाब वाढवून घेतो. दोन सेलवरच्या एलईडी टॉर्चमध्ये दाब वाढवणारं सर्किट असावंच लागतं, कारण दोन सेलचे तीन व्होल्ट थेट जोडून एलईडी नीट पेटत नाही.

शिवाय अल्कलाइनचा १.५ हा आकडा सुरुवातीचाच. लावल्यापासून तो घसरू लागतो आणि आयुष्याचा बराच काळ १.२ च्या आसपास काढतो. निकेलचा सेल शेवटपर्यंत १.२ धरून ठेवतो. आणि हायवर, म्हणजे एक अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढला, तर अल्कलाइनची निम्म्याहून जास्त क्षमता वाया जाते. निकेलचा सेल जवळजवळ पूर्ण देतो.

एक सावधगिरी. १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, पण दाब ३.७ व्होल्ट. ज्या टॉर्चवर तो चालतो असं स्पष्ट लिहिलेलं नाही त्यात घातला तर ड्रायव्हर जळतो.

घाटवाटा

रिचार्ज सेल घेताना 'लो सेल्फ डिस्चार्ज' लिहिलेले घ्या. जुन्या पद्धतीचे निकेल सेल नुसते पडून महिन्याभरात पाव हिस्सा उतरायचे, म्हणून लोक त्यांना नावं ठेवतात. २००५ मध्ये सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे सेल आणले तेव्हापासून हे बदललं. आता वर्षभर ठेवले तरी बराचसा चार्ज टिकतो.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी एक वाक्य: शून्याखाली अल्कलाइनची क्षमता झपाट्याने घटते, तिथे एकदाच वापरायचे १.५ व्होल्टचे लिथियम सेल न्यावेत. सह्याद्रीत याची गरज नाही.

वारूळ

मी सर्पमित्र म्हणून काम करतो. बॅटरीबद्दल वर सगळं आलंय, मी उजेडाच्या आकाराबद्दल बोलतो, कारण त्याचा सेलशी थेट संबंध आहे.

पुढची काच मागे-पुढे करून झूम होणारे टॉर्च सध्या फार खपतात. झूम केलं की चौकोनी ठिपका लांब जातो आणि पायाजवळ काळोख. मण्यार रात्री फिरते, घोणसही रात्रीच जास्त हालचाल करते, आणि माणसाला दंश होतो तो पाय किंवा हात जवळ पडल्यामुळे. तुम्हाला उजेड हवा तो पावलाभोवती पसरलेला. त्याला ताकद लागत नाही, २०-२५ ल्युमेन भरपूर झाले. लांब पाहायला म्हणून हाय वापरत राहिलात तर सेलही जातो आणि पायही उघडे राहतात. आणि उजेड बघून साप पळून जातो असं समजू नका. गमबूट, हातात काठी आणि खाली लक्ष. बांधावरच्या गवतात हात घालायच्या आधी टॉर्च तिथे मारायचा.

जुन्नर म्हटल्यावर बिबट्याचंही सांगावं लागेल. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे तो हाच तालुका. बिबट्यासाठी हाय हवा, पण सतत नको. फडाच्या कडेला पोचलात की हाय लावून सावकाश फिरवायचा, डोळे चमकतात का बघायचं, पुन्हा लो. मोठ्याने बोलत जायचं, शक्यतो दोघांनी. बारा तासांच्या रात्रीत हाय असा दोन-दोन मिनिटं लागतो. म्हणून लो-हाय दोन्ही असलेला आणि बटणाने पटकन बदलणारा टॉर्च घ्या. मध्ये लुकलुकणारे प्रकार असतील तर टाळा, गडबडीच्या वेळी नेमके तेच लागतात.

बांधावरून

वारूळदादा, मनापासून धन्यवाद. काका झूमवालाच आणणार होते. हे आज घरी वाचून दाखवतो.

जुन्या टॉर्चच्या आत पांढरी पूड साठली आहे. तो टाकून द्यावा का?

रातराणी

टाकू नका, हे घरी साफ होतं. पांढरी पूड बहुधा अल्कलाइन सेल पाझरल्याची असते. ते अल्कलीचं असतं, त्यामुळे कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचे थेंब घेऊन पत्र्याच्या टोकांवर फिरवा, मग ओल्या बोळ्याने पुसून पूर्ण वाळवा. तुम्ही वापरता तसा साधा झिंकचा सेल पाझरला असेल तर ते आम्लाकडे झुकणारं असतं, तिथे पाण्यात कालवलेला खायचा सोडा. हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका. टोकं अजून काळी असतील तर बारीक पॉलिश पेपर. गंजलेल्या टोकांमुळे रोध वाढतो आणि नव्या सेलवरही उजेड मंद पडतो.

नवा-जुना सेल एकत्र घातला की पाझरण्याची शक्यता वाढते. कमकुवत सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याच्यातून उलटा दाब ढकलतात. बदलायचे तर सगळे एकदम, एकाच पाकिटातले.

उंबरठा

आपला टॉर्च खरंच किती चालतो हे घरी मोजता येईल का? मीटर नाही माझ्याकडे.

घाटवाटा

मोबाईलमध्ये प्रकाश मोजायचं फुकट अॅप टाका. बंद खोलीत टॉर्च छताकडे तोंड करून उभा ठेवा आणि मोबाईल टेबलावर एका जागी, सेन्सर वर करून. छतावरून परतलेला उजेड मोजायचा. मोबाईलने दाखवलेला लक्सचा आकडा अचूक नसेल, पण आपल्याला प्रमाण हवंय. पहिल्या मिनिटाचा आकडा लिहा, मग दर पंधरा मिनिटांनी. जिथे तो निम्म्यावर येतो तो तुमच्या कामाचा वेळ. हाय आणि लो दोन्हीचं करा. मध्ये मोबाईल हलवायचा नाही, आणि टॉर्च फार तापतोय का यावर लक्ष ठेवा.

मिलिव्होल्ट

ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांच्यासाठी: मागचं झाकण काढा, मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा, एक टोक सेलच्या तळाला आणि दुसरं टॉर्चच्या धातूच्या कडेला. झाकणातलं बटण बाजूला गेल्यामुळे टॉर्च पेटेल आणि प्रवाह दिसेल. सेलची क्षमता भागिले हा प्रवाह, साधारण तास मिळाले. सेलच्या दोन टोकांना अँपिअरवरचा मीटर थेट लावू नका, ते शॉर्ट सर्किट होईल.

बांधावरून

ठरवलं. दोन पेन्सिल सेलवाला लो-हाय टॉर्च, चार रिचार्ज सेल म्हणजे दोन टॉर्चमध्ये आणि दोन खिशात. चार्जर कसा घ्यावा? रात्रपाळी असते तेव्हा चार्ज कधी करायचे?

मिलिव्होल्ट

शेतीपंपाची वीज आणि घरची वीज बहुतेक ठिकाणी वेगळ्या फीडरवर (वीजवाहिनीवर) असते, त्यामुळे दिवसा घरी लावता येतील. चार्जर असा घ्या की प्रत्येक सेल स्वतंत्रपणे तपासतो आणि भरला की थांबतो. जोडीजोडीने चार्ज करणारे, टायमर नसलेले स्वस्त चार्जर सेल तापवून मारतात. २००० चा सेल ५०० मिलिअँपिअरने साडेचार-पाच तासांत भरतो. सकाळी लावले तर दुपारी तयार.

खिशातली जोडी प्लास्टिकच्या डबीत ठेवायला सांगा. किल्ल्या आणि सुट्ट्या पैशांबरोबर ठेवली तर शॉर्ट होते. निकेलचा सेल शेवटी एकदम बसतो, अल्कलाइनसारखा हळूहळू मंद होत इशारा देत नाही. त्यामुळे उजेड जरा कमी वाटला की लगेच बदलायचे, वाट बघायची नाही. आणि दोन्ही जोड्यांवर पेनने १ आणि २ लिहून ठेवा, म्हणजे सेल आपापसांत मिसळणार नाहीत.

दुकानगल्ली

चार्जरबरोबर डबी बहुतेक वेळा मिळते, मागून घ्या. टॉर्च घेताना दुकानात एवढं करा: लोवर लावून हात वेगाने पुढून फिरवा. बोटं तुटक तुटक दिसली तर उजेड लुकलुकवून कमी केलेला आहे. तो चालतो, पण डोळे लवकर दमतात. दोन टॉर्च सारख्या किमतीचे असतील तर बोटं सलग दिसतात तो घ्या.